काटे काढलेला घास

आमच्या अकोल्याच्या वाचनालयाचं हस्तलिखित दरवर्षी पाडव्याला निघतं. यंदा सगळ्या सभासदांना एकच विषय दिला आहे: सरत्या वर्षात पाहिलेल्या, ऐकलेल्या कलांपैकी काय मनात राहिलं? बहुतेकांनी मोठमोठ्या मैफलींबद्दल लिहिलंय. मीही वर्षभरात थोडंफार पाहिलं. नागपूरला रात्रभराचं गाणं ऐकलं, मुंबईला भाचीकडे गेले होते तेव्हा एक चित्रप्रदर्शन पाहिलं. दोन्ही छान होती. पण कुणी विचारलं की मला आठवतो तो बोईसरच्या कामगार सभागृहातला एक रिकामा थाळा. तेव्हा तेच लिहिते. इकडचं कुणी तिकडे सहसा जात नाही. मीही गेले नसते, पण प्रमोदचं पत्र आलं.

प्रमोद वानखडे माझा जुना विद्यार्थी. पुढे इंजिनियर झाला आणि ठाणे जिल्ह्यात बोईसरजवळ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. तिथल्या कामगारांच्या एकांकिका स्पर्धेला परीक्षक हवे होते. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवते आहे आणि गॅदरिंगची नाटकं बसवते आहे, एवढ्या पुण्याईवर त्याने माझं नाव सुचवलं होतं. डिसेंबरचे दिवस होते. शाळेतून रजा मिळाली आणि मी निघाले.

माहीम, बुधवार

स्पर्धा गुरुवारी सुरू होणार होती. बुधवारचा दिवस मोकळा म्हणून प्रमोद आणि त्याची बायको नलिनी मला तिच्या माहेरी घेऊन गेले. हे माहीम मुंबईचं नव्हे. पालघरहून एस.टी.ने गेलं की लागतं ते, केळव्याच्या शेजारचं. आमच्याकडे गाव म्हटलं की आधी उघडं रान दिसतं, मग घरं. इथे नुसत्या वाड्याच वाड्या. नारळ, सुपारी, केळी, आणि पानवेलींचे मांडव. घर कुठे सुरू होतं ते दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दुपारी बारालासुद्धा अंगावर ऊन नाही. मला आधी बरं वाटलं आणि मग थोडं कोंडल्यासारखं झालं. आमच्या डोळ्यांना लांबवर बघायची सवय.

नलिनीच्या आईने उकडहंडी केली होती. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, कच्ची केळी असं सगळं मडक्यात घालून, तोंड पाल्याने बंद करून शिजवलेलं. मी पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं. प्रमोदने आमच्या वऱ्हाडी तिखटाची कीर्ती आधीच सांगून ठेवली होती.

जेवताना गोष्ट निघाली. नलिनीच्या आईने मला विचारलं, "आमचे जावई शालेत कसे होते? मस्ती करत?"

मी म्हटलं, "अगदी गुणी मुलगा."

प्रमोद हसला. "आई, मी बाईंच्या नाटकातही होतो. एकच दिवस."

"एकच दिवस का?" नलिनीने विचारलं.

"द्वारपाल होतो. एकच वाक्य होतं. 'महाराज, शत्रू वेशीवर आला आहे.' मी आत धावत गेलो आणि म्हटलं, 'महाराज, शत्रू वेशीपाशी येऊन राह्यला!'"

सगळे हसले. मीही हसले. मग त्याने पुढचं सांगितलं. "बाई म्हणाल्या, वानखडे, तोंड धुऊन ये आणि पुन्हा म्हण. मी खरंच तोंड धुऊन आलो. पुन्हा तेच निघालं. मग बाईंनी मला पडदा ओढायला बसवलं. तेव्हापासून स्टेजकडे पाठ."

नलिनीच्या आईने त्याच्या पानात भाजी वाढली आणि म्हणाली, "मंग पडदा तरी नीट ओढलात ना?"

"एकदम नीट."

पुन्हा हशा. प्रमोदच्या बोलण्यात राग नव्हता, खोचही नव्हती. जावई सासुरवाडीला सांगतात तशी एक गंमत त्याने सांगितली होती. मला मात्र घास गिळवेना, कारण यातलं काहीच मला आठवत नव्हतं. ते नाटक आठवत होतं, राजाचा मुकुट जिच्याकडून आणला ती बाई आठवत होती. तोंड धुऊन येणारा मुलगा आठवत नव्हता. किती मुलांना मी असं तोंड धुवायला पाठवलं असेल?

बोईसर, गुरुवार

बोईसर स्टेशनातून बाहेर पडलं की अर्धा देश भेटतो. पानवाला बनारसचा, चहावाला राजस्थानचा, आणि कामावर निघालेल्या सायकलींवरून भोजपुरीपासून अहिराणीपर्यंत काहीही ऐकू येतं. वाऱ्याची दिशा बदलली की नाकात कारखान्यांचा उग्र वास शिरतो, डोळे चुरचुरतात. नलिनी म्हणाली, आठ दिवसांत सवय होते. मला चारच दिवस राहायचं होतं.

सभागृहाच्या दारात वॉचमनने मला अडवलं. उंच, मिशाळ, उत्तरेकडचे गृहस्थ. "माताजी, लेडीज की बैठक उधर है, खिडकी के पास."

मी सांगितलं, मी परीक्षक आहे. त्यांनी माझ्याकडे, माझ्या कापडी पिशवीकडे पाहिलं. "परीक्षक तो साहब लोग हैं. दो साहब आ गए." शेवटी प्रमोद धावत आला तेव्हा मला आत जाता आलं. पांडेजी, म्हणजे ते वॉचमन, इतके ओशाळले की पुढचे दोन दिवस दर तासाला माझ्यासाठी चहा येत राहिला.

व्हरांड्यात पायरीशी एक कोळीण बसली होती. चाळिशी ओलांडलेली, काळीसावळी, अंगाने भरलेली, गुडघ्याच्या वर घट्ट कासोटा घातलेलं हिरवं लुगडं. पुढ्यात सुक्या बोंबलांची टोपली. मी नाकाला पदर लावला. तिने ते पाहिलं आणि हसत टोपली जरा पलीकडे सरकवली. म्हणाली, "जा बाय, आत वास येत नाय."

प्रमोदने सांगितलं, ही मथुराबाय. सातपाटीची. सकाळी मासे घेऊन येते, कामगारांच्या वसाहतीत विकते आणि परतीची शटल गाडी येईपर्यंत इथे सावलीला बसते. दीड महिना तालमी चालल्या होत्या. पहिली पाळी साडेतीनला सुटली की कामगार इथे यायचे, आणि ही रोज खिडकीपाशी बसून ऐकायची.

आम्ही तीन परीक्षक होतो. एक पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, एक मुंबईचे वयस्कर नट, आणि मी. प्राध्यापक विद्वान आणि सभ्य माणूस. गुणपत्रिकेत 'वाचिक अभिनय व भाषाशुद्धी' असा एक रकाना होता आणि त्यावर त्यांचा विशेष डोळा होता. पहिल्याच एकांकिकेत एका फिटर मुलाने वकिलाचं काम फार सुरेख केलं, पण कोर्टातसुद्धा तो 'हाय' आणि 'नाय' म्हणत राहिला. प्राध्यापक माझ्याकडे वळून पुटपुटले, "तुमच्यासारखी शिक्षिका मिळायला हवी होती याला."

मी त्या मुलाचे चार गुण कापले. हे इथे लिहून ठेवते, कारण आदल्याच दिवशी मला माहीमला घास गिळवला नव्हता. हाताला सवय असते. लाल पेन हातात आलं की तो आपोआप चालतो.

बोईसर, शुक्रवार

शुक्रवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी. सकाळी दहापासून सभागृह भरलं. माणसं खिडक्यांच्या गजांना धरून उभी होती.

दुपारची पहिली एकांकिका वसंत नावाच्या लेथ ऑपरेटरची होती. त्यानेच लिहिलेली, त्यानेच बसवलेली, आणि मुलाचं कामही तोच करणार होता. पात्रं दोनच: आई आणि मुलगा. मुलगा कारखान्यात कामाला, आई किनाऱ्यावरच्या गावात. यंत्रात सापडून मुलाची उजव्या हाताची बोटं गेली आहेत. महिनाभराने तो घरी आलाय आणि आईला सांगायची हिंमत नाही. आईच्या कामासाठी मुंबईहून एक नटी ठरवली होती. अशा बायका पैसे घेऊन चार-सहा तालमींना येतात आणि प्रयोग करून जातात, ही सगळीकडचीच रीत.

पडदा वर जायची वेळ झाली तरी काही हालेना. शेजारच्या एका ऑफिसात फोन आला होता. नटीच्या मुलाला ताप भरला होता, ती येणार नव्हती. प्रमोद संयोजकांपैकी एक, म्हणून धावपळ करत होता. मी हवा खायला व्हरांड्यात आले तर वसंत पायरीवर बसलेला, तोंडाला अर्धा रंग लावलेला.

"राहू द्या साहेब," तो प्रमोदला सांगत होता. "नाव मागे घेतो. दीड महिना पोरांनी सेट केला, लाईट केले... राहू द्या."

"वसंता," बाजूने आवाज आला, "मी बोलू का रे?"

मथुराबाय टोपलीमागे उभी राहिली होती. वसंतला आधी कळलंच नाही.

"आयचं काम. मला समदं पाठ हाय. रोज ऐकतेय ना."

"अगं मावशी, स्टेजवर जायचं असतं. हजारभर लोक बघतात."

"बाजारात कोन बगत नाय का मला?" ती म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "आमच्या गावात गनपतीला नाटक होतं. बायांची कामं बापयेच करतात. मी ल्हानपनापासून बगते. मला एकदा करू दे."

हे शेवटचं वाक्य ती अशा काही स्वरात बोलली की वसंतने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.  मी प्रमोदच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो खाली वाकला, वसंतच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे तिला. काय होईल जास्तीत जास्त?"

"पन माझी टोपली?" मथुराबाय म्हणाली. "मांजरं हायत इथं."

आणि पांडेजी पुढे झाले. जन्मात माशाला हात न लावलेला तो माणूस. त्यांनी स्टूल ओढलं, टोपलीचा वास येणार नाही अशा बाजूला मांडलं, काठी आडवी धरून बसले आणि म्हणाले, "तुम जाओ. हम हैं."

पडदा वर गेला. मथुराबाय रंग न लावता, त्याच हिरव्या लुगड्यात चुलीपाशी बसलेली होती. प्रेक्षकांत हशा पिकला. "ए बोंबीलवाली!" कुणीतरी ओरडलं. तिने एकदा तिकडे पाहिलं, बाजारात उधारी मागणाऱ्याकडे पाहावं तसं, आणि चूल फुंकायला लागली. हशा विरला. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि पेनचं टोपण लावलं.

पहिली दोन-चार मिनिटं ती चाचरली. मग मुलगा आला, आणि ती उठून त्याला पाणी द्यायला गेली तेव्हा चालण्यातला अवघडलेपणा गेला. ती संहितेतलीच वाक्यं बोलत होती, फक्त आपल्या तोंडाने. 'किती वाळलास रे बाळा' असं लिहिलेलं असावं. ती म्हणाली, "निस्ता बोंबील झालायस." लोक हसले, पण आता ते तिच्या बाजूने हसत होते.

तिने थाळा वाढला. थाळ्यात खरं काही नव्हतं. वसंतने उजवा हात पंच्याखाली झाकलेला, तो डाव्या हाताने जेवू लागला. ती त्याच्याशी बोलत होती, गावातल्या होड्यांचं, कुणाच्या लग्नाचं. बोलता बोलता थांबली.

"डाव्या हातानं जेवतोस?"

त्याने पंचा आणखी ओढून घेतला.

"हात दाव."

"काही नाही गं आई..."

"हात दाव."

त्याने पंचा बाजूला केला. पांढऱ्या चिंध्यांत गुंडाळलेला पंजा. संहितेप्रमाणे इथे आईचं लांबलचक भाषण होतं. वसंतने नंतर मला सांगितलं, तो श्वास रोखून त्या भाषणाची वाट बघत होता. ते येईना तेव्हा त्याला वाटलं, विसरली, संपलं सगळं.

मथुराबाय त्या हाताकडे बघत राहिली. रडली नाही. तिने थाळा आपल्या पुढ्यात ओढला आणि खाली मान घालून काहीतरी करू लागली. आधी मला उमजेना. मग दिसलं: ती माशाचे काटे काढत होती. थाळ्यात मासा नव्हता, तरी मला तो दिसला. दोन बोटांनी मधला मोठा काटा उचलून तिने बाजूला ठेवला. मग बारीक काटे, एकेक, थाळ्याच्या कडेला. एक काटा निसटला, तो पुन्हा शोधून काढला. उजव्या हाताची बोटं गेलेल्याला हे काम करता येत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येक माणसाला त्या क्षणी कळलं. सगळे यंत्रावर काम करणारे होते. कितीतरी जण आपापल्या हातांकडे बघत होते.

तिने घास केला. "आ कर."

वसंतने तोंड उघडलं.

"काटा राहिला तं सांग."

एवढंच. पडदा ओढणाऱ्याला कळेना नाटक संपलं की नाही. तिने दुसरा घास केला, तिसरा केला. वसंत खरोखर रडत होता आणि ती त्याला भरवत होती. केव्हातरी पडदा आला.  टाळ्या खिडक्यांचे गज वाजवून झाल्या.

निकालासाठी आम्ही तिघे मागच्या खोलीत बसलो.

"प्रसंग प्रभावी होता, मान्य," प्राध्यापक म्हणाले. "पण संहिता मोडली. मुख्य स्वगतच गाळलं. आणि भाषा! बाई, तुम्हीच सांगा, शुद्धतेच्या रकान्यात काय लिहायचं?"

"आई कुठली आहे नाटकात?" मी विचारलं.

"किनाऱ्यावरची."

"मग ती कशी बोलेल?"

"तसं हवं होतं तर लेखकाने तसं लिहायला हवं होतं. ती जे बोलली ते लिहिलेलं नव्हतं. तिला दुसरं येत नाही म्हणून ती तसं बोलली. त्याला कला कसं म्हणायचं?"

मला उत्तर सुचेना. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि इतकी वर्षं माझंही तेच म्हणणं होतं. मी एवढंच म्हटलं की माझ्या पत्रिकेत मी पूर्ण गुण लिहिते आहे. आणि आदल्या दिवशीच्या वकिलाचे चार गुण मला परत द्यायचे आहेत.

"गुरुवारची पाकिटं सील झाली," मुंबईचे नट हळूच म्हणाले. ते मघापासून डोळे पुसत होते. "आणि बाई, अभिनयाचं पारितोषिक तिला देताच येणार नाही. प्रवेशपत्रात नाव त्या दुसरीचं आहे. नियम आहे."

वसंतच्या एकांकिकेला दुसरा क्रमांक मिळाला. अभिनयाचं पारितोषिक दुसऱ्याच एका मुलीला गेलं, तीही वाईट नव्हती. मथुराबाय निकालाला नव्हतीच. शटलची वेळ झाली म्हणून टोपली उचलून ती निघून गेली होती.

घरी जाताना मी प्रमोदला म्हटलं, "तुझ्या त्या द्वारपालाबद्दल... माझं चुकलं रे."

तो हसला. "बाई, इथे मुलाखतीत धडाधडा बोललो ते तुमच्यामुळेच. नाहीतर तिथेही म्हटलं असतं, मी नोकरी मागून राह्यलो." मग म्हणाला, "पण खरं सांगू? आज ती आत गेली ना, तेव्हा मला वाटून गेलं. आपण पण जायला पाहिजे होतं, असं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

सातपाटी, शनिवार

मथुराबायला निकाल कुणीतरी सांगायला हवा होता. मी म्हटलं, मी जाते. वसंतकडून एकांकिकेची वहीही मागून घेतली. यंदाच्या गॅदरिंगला ती बसवायची असं मनात घेतलं होतं.

पालघरहून सातपाटीची बस म्हणजे रिकाम्या टोपल्यांची आणि भरल्या गप्पांची बस. मला बसायला जागा मिळाली, पण मांडीवर एकीची टोपली आली. गावात शिरताना आधी वास येतो, मग गाव. कोळीवाड्यातून पुढे गेले तर एकदम उजेड: समुद्र, ओळीने लागलेल्या बोटी, त्यांवरची रंगीत निशाणं, आणि किनाऱ्यावर बांबूंच्या उंच आडव्या दांड्यांवर हजारो बोंबील, जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले. वाऱ्याने सगळे एकदम हलत होते. आमच्याकडे कापूस फुटल्यावर रान पांढरं दिसतं, तसंच काहीसं. मला नाकाला पदर लावायचं सुचलंच नाही.

मथुराबाय चार-पाच बायकांबरोबर बोंबील अडकवत होती. मला पाहून तिने हात लुगड्याला पुसले. "अगो बाय! तुमी इतक्या लांब?"

मी निकाल सांगितला. नाव कागदात नव्हतं, म्हणून पारितोषिक नाही, हेही सांगितलं.

"कागदात नाव कसं आसंल? मी तं बोंबील विकाय गेलेले," ती म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या. ती मात्र नाही हसली. "पन ते चष्मेवाले मास्तर काय म्हनले? चुकले का मी?"

मला खोटं बोलवेना. म्हटलं, "ते म्हणाले, भाषा शुद्ध नव्हती. आणि शेवटचं भाषण गाळलं."

"ईसरले आसं वाटलं त्यास्नी?"

"विसरलीस का?"

मथुराबायने हातातली बोंबलांची जोडी दांडीवर टाकली. दोन पावलं मागे झाली, सरळ उभी राहिली आणि बोलू लागली:

"बाळ, ज्या हाताला धरून मी तुला चालायला शिकवलं, तो हात तू माझ्यापासून लपवलास? या बोटांना तेल लावून मी उन्हात बसत होते. या बोटांनी तू माझा पदर ओढत होतास. यंत्राला बोटं मिळाली, मला त्यांचं साधं दुःखही मिळू नये?"

मी वही उघडली. पान काढलं. ती पुढे बोलत होती, आणि मी ओळींवरून बोट फिरवत होते. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. 'बाळ'मधला ळ, पुढे आलेला प्रत्येक ण, अनुस्वार, विराम, सगळं जागच्या जागी. इतकं स्वच्छ मराठी माझ्या वर्गात वर्षाकाठी दोन मुलं बोलत असतील. पान संपलं तेव्हा ती थांबली. बायकांनी हातातलं काम सोडलं होतं. एकीने विचारलं, "मथुरे, ही कुनाची भाषा गो?"

"वसंताच्या वहीतली."

"मग काल का नाही म्हटलंस?" मी विचारलं. 

"म्हननार होते. तयारच होतं तोंडात." ती दांडीकडे वळली, पुन्हा बोंबील अडकवू लागली. "मंग त्याचा हात बगितला. चिंध्याच होत्या, म्हाईत हाय मला, पन बगितला. आनि मनात आलं, पोराची बोटं गेल्यात आनि आय भाषन करंल? तो उपाशी हाय. आधी त्याला जेवू घालंल. आनि ही आय हितलीच ना? ती आशी बोलत नाय. वसंता लय चांगलं लिवतो, पन त्याची आय देशावरची हाय. त्यानं किनाऱ्यावरची आय बगितली नाय."

मी वाळूतच एका उलट्या टोपलीवर बसले. दुसरं येत नाही म्हणून ती तसं बोलली, असं प्राध्यापक म्हणाले होते, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. उत्तर हे होतं: तिला दोन्ही येत होतं. तिने निवड केली होती.

तिने मला घरी नेलं, चहा केला. तिचा नवरा बोटीवर गेला होता, धाकटी सून पाटावर कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत होती. नाटकाचं घरी सांगितलंस का, असं विचारलं तर म्हणाली, "रातीच सांगितलं. दीर जरा गुरकावला. सासू म्हनली, आमाला कदी दावशील?" आणि पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

परत बसपर्यंत ती सोबत आली. मी सांगितलं की वही मी अकोल्याला नेते आहे, शाळेतल्या मुलींकडून हे नाटक करून घेणार आहे, आणि तू केलंस तसं, काटे काढून घास भरवायचं, ते त्यांना शिकवणार आहे.

ती थांबली. "तुमच्याकडं दर्या हाय?"

"नाही. समुद्र फार लांब."

"पोरी मासे खातात?"

"क्वचित. काटे काढता येणार नाहीत त्यांना."

"मंग काटे कशाला?" ती म्हणाली. "तुमच्याकडं आय पोराला काय सोलून देते?"

मला विचार करावा लागला. माझी आई डोळ्यांपुढे आली, ओट्यावर बसलेली.

"संत्रं," मी म्हटलं. "फोडीवरच्या शिरा काढते, बिया काढते, आणि मग तोंडात घालते."

बस आली होती. मथुराबायने माझी पिशवी आत ठेवली, आणि खिडकीच्या गजाला धरून, जरा रागावल्यासारखं म्हणाली, "मंग तुमी तसं करा ना. तुमच्या आयचं करा."